उंडीच्या झाडाखालची कबर

दिवाळी अंकाच्या संपादकांना माझ्याकडून लग्नातल्या गमतीजमती हव्या होत्या. रत्नागिरीत तीस-पस्तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवलेल्या माणसाकडे त्या असणारच, असा त्यांचा अंदाज. मी त्यांना सांगितलं की लग्नांचे फोटो मी पोटासाठी काढले, मन लावून काढले ते कबरींचे. मग म्हणाले, तेच लिहा, फक्त वाचक घाबरेल असं काही नको. भुताखेतांचं माझ्याकडे काहीच नाही. कबरस्तानात मला जी काही भीती वाटली ती जिवंत माणसांची.

सुरुवात एका गिऱ्हाइकामुळे झाली. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी मुसलमान कुटुंबं दोन-तीन पिढ्यांपूर्वी आफ्रिकेत गेली, नंतरची आखातात गेली. आफ्रिकेतल्या एका गृहस्थांनी नात्यातल्या कुणाकडून तरी माझा नंबर मिळवला. त्यांना पणजोबांच्या कबरीचा फोटो हवा होता. मी गेलो, कबर शोधली, फोटो काढला, आणि निघायचं सोडून तिथेच बसून राहिलो. आम्ही बौद्ध. आमच्याकडे दहन करतात. वडील गेले तेव्हा त्यांची राख आम्ही खाडीत सोडली, आणि पुढे कधी त्यांची आठवण आली तर जाऊन उभं राहावं अशी जागाच उरली नाही. इथे मात्र शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला जागा होती. जांभ्याचे चार दगड, वर सब्जाची रोपं, सुरूच्या सुया पडलेल्या. मला त्या माणसाचा हेवा वाटला. तेव्हापासून काम असो नसो, महिन्यातली एखादी सकाळ मी कुठल्यातरी कबरस्तानात घालवू लागलो. मुसलमानांची, ख्रिस्ती लोकांची, साहेबाच्या काळातली झाडीत बुडालेली, सगळी पाहिली. बायकोने सुरुवातीला नवस बोलायचाच बाकी ठेवला होता. नंतर तिला सवय झाली.

या कामाला सकाळचा तिरपा उजेड लागतो. दुपारचं ऊन डोक्यावर आलं की झिजलेली अक्षरं दगडात गडप होतात. सकाळी तीच अक्षरं सावली धरतात आणि वर येतात. सावली पडत नसेल तर थर्माकोलचा तुकडा बाजूला धरून उजेड आडवा टाकायचा. दगड घासायचा नाही, त्यावर खडू फिरवायचा नाही, फार तर पाणी शिंपडायचं. चपला बाहेर, कबर ओलांडायची नाही, आणि आधी तिथल्या जबाबदार माणसाला विचारल्याशिवाय कॅमेरा पिशवीतून काढायचा नाही.

हे शेवटचं एकदा राहून गेलं तेव्हा गावातल्या दहा-बारा माणसांनी मला घेरलं. त्या भागात कसलातरी प्रकल्प येणार अशी आवई होती, आणि मी जमीन मोजायला आलोय असा त्यांचा समज झाला. एकाने कॅमेऱ्याचा पट्टा माझ्या गळ्यात असतानाच ओढला. मी त्यांना कॅमेऱ्यातले फोटो दाखवत राहिलो. त्यात मोजणीचा दगड नाही, रस्ता नाही, नुसत्या कबरी आहेत, हे पटायला बराच वेळ गेला. आणि एकदा मी फोटोत एका दगडावरचा डाग संगणकावर स्वच्छ केला. तो डाग नव्हता, उर्दू अक्षराचा नुक्ता, म्हणजे टिंब होतं. नाव बदललं आणि आखातातून मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून न वाचता येणाऱ्या अक्षराला मी हात लावत नाही.

पण सांगायचं आहे ते वेगळंच.

गुहागर तालुक्यातलं, दाभोळच्या खाडीच्या अलीकडचं एक गाव. नाव लिहीत नाही, गावकऱ्यांना आवडणार नाही. तिथलं कबरस्तान रस्ता आणि समुद्र यांच्या मधल्या उतारावर होतं. आफ्रिकेतल्याच आणखी एका गिऱ्हाइकासाठी मी पंधराएक वर्षांपूर्वी एका मे महिन्यात तिथे गेलो होतो. हवा होता एका कबरीचा फोटो, पण जागा इतकी आवडली की दोन सकाळी राहून सगळ्याच कबरींचे काढले. ते फोटो हार्ड डिस्कवर पडून होते. तेव्हा मला ज्यांनी आत नेलं होतं ते इस्माईलभाई आता मशिदीच्या जमातीचं कामकाज बघत होते. गेल्या वर्षी गणपती होऊन गेल्यावर त्यांचा फोन आला.

दोन पावसाळ्यांत समुद्राने खालचा बांध खाल्ला होता आणि आता पुढच्या दोन ओळींतल्या कबरी कडेला लटकत होत्या. तहसीलदारांची परवानगी मिळाली होती, रस्त्याच्या वरच्या अंगाला नवी जागा तयार होती. अडचण ओळख पटवण्याची होती. बरेचसे दगड पडले होते, कितीतरी कबरींवर नाव मुळातच नव्हतं. माझे जुने फोटो बघून लोकांना आपापल्या माणसाची जागा सांगता आली असती. शिवाय हलवताना प्रत्येक कबरीचा फोटो काढायचा होता, म्हणजे पुढे वाद नको. घाई अमावास्येची होती. अमावास्येचं उधाण आमच्या किनाऱ्याला भर दुपारी येतं, आणि यावेळचं पाणी समुद्राकडचा कोपरा घेऊन जाणार असं तिथले मच्छीमार सांगत होते. त्याच्या आत सगळं उरकायचं होतं.

मी दिवसभर बसून मोठ्या आकाराचे प्रिंट काढले. ते काढताना एक फोटो हाताशी आला जो गिऱ्हाइकाला पाठवला नव्हता, कारण त्यात माणूस आला होता. सगळ्यात खालच्या ओळीत, समुद्राकडच्या कोपऱ्याजवळ, एक ताजी कबर. तिथली जमीन वाळूची, त्यामुळे वर आणून टाकलेली तांबडी माती उठून दिसत होती. तिच्याशी एक तरुण माणूस उकिडवा बसून कळशीने पाणी घालत होता. ते इस्माईलभाई होते. मी तो फोटोही गठ्ठ्यात ठेवला.

सकाळी पहिल्या फेरीबोटीने जयगडवरून तवसाळला उतरलो आणि गावात पोचलो तेव्हा काम सुरू झालं होतं. खाली पुरुष खणत होते. बायका तिथल्या पद्धतीप्रमाणे रस्त्याच्या कडेच्या दगडी गडग्याबाहेर थांबल्या होत्या. मशिदीच्या ओसरीवर मी फोटो मांडले. लोक वाकून बघत, बोट ठेवत, खाली जाऊन जागा दाखवत. मी पाटीवर नाव लिहून कबरीशी ठेवायचो आणि फोटो घ्यायचो. कबर उघडली की कॅमेरा खाली. अवशेष पांढऱ्या कपड्यात बांधले की पुन्हा एक फोटो, वर नव्या जागेत ठेवले की आणखी एक. असं आमचं ठरलं होतं. ज्यांचं नाव कुणी सांगणार नाही त्या सगळ्यांसाठी वर एकच मोठी कबर खणून ठेवली होती.

इस्माईलभाई ओसरीवर आले, फोटोंवरून नजर फिरवली, आणि पाणी घालणाऱ्या माणसाच्या फोटोवर त्यांचा हात थांबला. त्यांनी तो उचलला, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. माझ्या छापलेल्या फोटोला कुणी घडी घालताना मी पहिल्यांदाच बघत होतो. ते मला बाजूला घेऊन गेले.

"ह्यो आणखी कुणी बघितला?"

मी नाही म्हटलं. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. ती कबर त्यांच्या पुतण्याची, याकूबची. त्यांचा भाऊ आधीच गेलेला, भाभी हमीदाबी आणि हा एकुलता मुलगा. ट्रॉलरवर कामाला होता. ताप डोक्यात गेला आणि विशीतच गेला, मे महिन्याच्या शेवटी. हमीदाबींनी अंथरूण धरलं. उठल्या तेव्हा आषाढ चालू होता आणि सगळ्या कबरींवर सारखंच हिरवं उगवलं होतं. त्या गडग्यापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि माझा याकूब कुठला म्हणून विचारू लागल्या. याकूबची कबर उताराच्या खाली, रस्त्यावरून दिसतच नव्हती. गडग्याला जिथे खिंडार होतं तिथून अगदी समोर एक कबर दिसायची, उंडीच्या झाडाखालची. इस्माईलभाईंनी तिच्याकडे बोट दाखवलं. दफनाला असलेल्या पुरुषांनाही त्यांनी हे मोडू नका म्हणून सांगून ठेवलं. तेव्हापासून दर शुक्रवारी हमीदाबी त्या खिंडारापाशी उभ्या राहून उंडीकडे बघत फातिहा पढत आल्या होत्या. उंडीखाली कोण होतं हे कुणालाच माहीत नव्हतं.

उंडीची कबर वरच्या बाजूला असल्याने ती हलणार नव्हती. हमीदाबी त्या सकाळी निर्धास्त होत्या. आपला मुलगा सुरक्षित आहे म्हणून बाकीच्या बायकांना धीर देत होत्या.

"मग खालच्या कबरीच्या पाटीवर काय लिहू?" मी विचारलं.

"काय लिवू नका."

"म्हणजे तो त्या मोठ्या कबरीत जाणार. बिननावाचा."

"जाऊ दे. अल्लाला ठाव हाय तो कोण ते. तिचा उंडीखालचा तरी तिला राहू दे."

मी म्हटलं, तुमच्या घरातली गोष्ट आहे, मी जाऊन सांगणार नाही. पण हमीदाबींनी मला समोर उभं करून विचारलं तर भलत्या कबरीवर बोट ठेवणं माझ्याच्याने होणार नाही. त्यावर ते चिडले. आवाज चढवला नाही, पण म्हणाले की तुम्ही बाहेरचे, उद्या तुम्ही रत्नागिरीला जाल, इथं ती राहणार आणि मी राहणार. यात खोटं काही नव्हतं. मी खाली जाऊन कामाला लागलो.

ऊन वर येत होतं तसा समुद्राचा आवाज बदलत गेला. खाली ओळ उजवीकडून उरकत आणली होती आणि प्रत्येक पाटीबरोबर कोपरा जवळ येत होता. याकूबच्या शेजारची कबर बांधून वर गेली. आता त्याचीच पाळी होती. इस्माईलभाई मात्र माणसांना दुसरीकडचं काम सांगत राहिले. मला त्यांची चलबिचल दिसत होती. नाव सांगितलं तर त्याला स्वतःची कबर मिळणार होती आणि वर थांबलेल्या हमीदाबींची पंधरा वर्षं जाणार होती.

कॅमेऱ्याचं कार्ड बदलायला मी ओसरीवर आलो तेव्हा हमीदाबी चहाची किटली घेऊन आल्या. ठेंगण्या, डोक्यावर पांढरी ओढणी, हाताला कामाची घाई. मला कप दिला आणि जरा संकोचून म्हणाल्या, उंडीखालच्या कबरीचाही फोटो असेल का, मी इतकी वर्षं लांबूनच बघितलीय. यात मला काही धोका दिसला नाही. त्यांना कुणाची कबर कुठली हे विचारायचं नव्हतं, फक्त उंडीखालची बघायची होती. मी गठ्ठ्यातून तो फोटो काढून त्यांच्या हातात दिला. आजही तो क्षण आठवला की हात मागे घ्यावासा वाटतो.

त्यांनी ओढणीच्या टोकाने बोटं पुसली आणि फोटो धरला. जवळून काढलेला होता. कबरीच्या कडेचे दगड खचलेले, वर वाळलेलं गवत, उंडीची पिकली पानं. त्या एकेका गोष्टीवरून बोट फिरवत गेल्या.

"कवाचा हाय?"

मी साल सांगितलं. महिना कुठला, त्यांनी विचारलं. मे अखेर, मी म्हणालो, आणि म्हणताच माझ्या लक्षात आलं की मी काय केलंय.

"याकूब तवाच गेला," त्या म्हणाल्या. बोट फोटोवरच होतं. "मग ही माती जुनी कशी? हे गवत कवाचं?"

इस्माईलभाई पायरीवर उभे होते, कधी आले ते कळलं नव्हतं. हमीदाबींनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. खालून कुणीतरी ओरडून सांगितलं की कोपऱ्याला पाणी लागलं. कुणीच हललं नाही. मग इस्माईलभाईंनी खिशातून घडी घातलेला फोटो काढला, गुडघ्यावर ठेवून तळहाताने सरळ केला आणि त्यांच्यासमोर धरला.

"भाभी, याकूब हितं हाय."

त्या रडतील, निदान काही बोलतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फोटोतली जागा बघितली, मग समुद्राकडे बघितलं.

"पानी कुठवर आलंय?"

आणि उत्तराची वाट न बघता त्या उठल्या. गडग्याबाहेरच्या बायकांमधून वाट काढून फाटकातून थेट आत गेल्या. एक म्हातारे गृहस्थ बाईमाणसाने आत येऊ नये असं काहीतरी म्हणू लागले. इस्माईलभाई एवढंच म्हणाले, "असू दे." उंडीपाशी त्या थांबल्या, ओढणी सावरली आणि पुढे उतारावरून खाली गेल्या. मी पाटी घेऊन मागे धावलो. चालता चालता खडूने नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

कोपऱ्याची अवस्था वाईट होती. लाट आली की खालची वाळू निसटायची आणि वरची माती थोडी खचायची. माणसांनी वाळूच्या गोणी रचल्या होत्या, पण त्या हलत होत्या. इस्माईलभाई स्वतः खड्ड्यात उतरले. फावडं टाकलं आणि हाताने माती काढू लागले. दोघांनी समुद्राच्या बाजूने जाड फळी लावून धरली. पाटी ठेवून मी पहिला फोटो घेतला. तेवढ्यात मोठी लाट आली, रिकामी झालेली शेजारची जागा दगडांसकट खाली गेली, आणि फळी धरणाऱ्यांपैकी एकाचा पाय घसरला. तो कसाबसा वर आला पण फळी कलली. मी कॅमेरा गळ्यातून काढून मागच्या कुणाच्या तरी हातात दिला आणि फळीला खांदा लावला.

तिथून पुढे मला फारसं दिसलं नाही. खांद्यावर लाटेचा धक्का बसायचा, खारं पाणी तोंडात जायचं. इस्माईलभाई आत वाकून पुटपुटत होते, त्यातलं मला फक्त नाव कळत होतं. हमीदाबी कडेपासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. त्यांना मागे व्हायला कुणी सांगितलं नाही. त्यांच्या तोंडून आवाज नव्हता, ओठ हलत होते. एका लाटेने फळीच्या वरून पाणी आत टाकलं. इस्माईलभाईंनी पांढरा कपडा छातीशी धरून उचलला आणि ते वर यायला बघू लागले, पण कड धरायला हात मोकळा नव्हता.

"इकडं दे," हमीदाबी म्हणाल्या.

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. इस्माईलभाईंनी ते गाठोडं त्यांच्या हातात दिलं. मग कडेवरच्या दोन माणसांनी इस्माईलभाईंना ओढून वर घेतलं, मी फळी सोडली, आणि आम्ही सगळे मागे सरलो. थोड्याच वेळात तो कोपरा गेला. मोठा आवाज वगैरे झाला नाही. माती पाण्यात बसावी तशी बसली आणि पाणी लाल झालं.

उतारावरून वर, रस्ता ओलांडून नव्या जागेपर्यंत हमीदाबीच ते घेऊन चालल्या. कुणी मागितलं नाही. त्या भराभर चालत होत्या, झोपलेलं मूल उन्हातून आत न्यावं तशा. मी मागे होतो, कॅमेरा परत माझ्या हातात आला होता, आणि तो फोटो घेतला असता तर माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला ठरला असता. मी घेतला नाही. त्या दिवसाच्या नोंदीत याकूबच्या पाटीनंतर थेट वरची नवी कबर आहे, मधला एक फोटो नाही. जमातीला मी तसंच लिहून दिलं.

दुपारी सगळे ओसरीवर बसले, कुणी जेवलं, कुणी नाही. हमीदाबी इस्माईलभाईंच्या समोरून दोनदा गेल्या, बोलल्या नाहीत. मला मात्र त्यांनी जाताना विचारलं की उंडीखालचा तो कोण हे कळेल का. मी म्हटलं, शोधतो. त्या म्हणाल्या, कळलं नाही तरी चालेल, सवय झालीय त्याची, मी पढत राहीन, पण त्याचं कुणी असेल तर त्यांना सांगायला हवं. रत्नागिरीला आल्यावर मी तो फोटो आफ्रिकेत, आखातात, जिथे जिथे ओळखी होत्या तिथे पाठवला. अजून कुणी ओळख सांगितलेली नाही.

माझ्या मनात मात्र ते राहिलं. मी तो फोटो दिला नसता तर इस्माईलभाईंनी कोपऱ्यातलं नाव सांगितलं असतं का? की याकूब बिननावाचा वर गेला असता, आणि त्याची आई उंडीकडे बघत सुखाने म्हातारी झाली असती? बायकोला विचारलं तर ती म्हणाली, त्याच्या आईलाच विचार. तेवढं धाडस माझं झालं नाही.

ईद होऊन गेल्यावर नोंदीचे फोटो द्यायला मी पुन्हा त्या गावात गेलो. खालच्या दोन ओळी जिथे होत्या तिथे आता भरतीला होड्या लागतात. इस्माईलभाई घराच्या अंगणात बसले होते, मला बघून खुर्ची सरकवली. फोटो एकेक करून बघितले. याकूबच्या कबरीचा आला तेव्हा त्यांनी तो वेगळा ठेवला, यावेळी घडी घातली नाही. मी हमीदाबींची चौकशी केली. त्यांनी सांगितलं की त्या दिवसापासून भाभी त्यांच्याशी बोलत नव्हत्या. सगळा रमजान गेला. ईदच्या दिवशी ते भीत भीत सलाम करायला गेले. भाभींनी आत बोलावलं, शीरखुर्म्याची वाटी हातात दिली आणि समोर बसल्या.

"मग?" मी विचारलं.

"म्हणाली, त्या येळंला खोटं बोललास ते बरं केलंस, नायतर मी मेले असते. पण मंग किती शुक्रवार गेले, इस्माईल. त्यातल्या एका तरी शुक्रवारी सांगायचं व्हतंस."

एवढं सांगून ते माझ्यासाठी पाणी आणायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.